रांगणाऱ्या अव्वा

अव्वा आमच्या घरात पहिल्यांदा आल्या त्या रांगत.

जिना त्या पायांनीच चढल्या होत्या, गुडघ्यावर हात दाबत, प्रत्येक पायरीला ‘शिवा शिवा’ करत. दारात चपला काढल्या, पदर कमरेला खोचला आणि सत्तरीच्या पुढची ती उंच, भरल्या अंगाची बाई आमच्या डोळ्यांदेखत फरशीवर हात टेकून खाली उतरली आणि रांगू लागली. सोफ्याखाली डोकं घालून आली. टीव्हीच्या टेबलाखाली शिरली. तिथून आवाज आला, “हितं खिळा हाय. टोक वर आलंय. कुणी बघितलंय का न्हाय?”

कुणीच बघितलं नव्हतं. आम्ही त्या घरात येऊन जेमतेम दोन दिवस झाले होते. सामानाची खोकी बांधलेलीच होती आणि मी सातव्या महिन्यात होते. ज्या बाळासाठी अव्वा खिळे शोधत होत्या ते अजून पोटात लाथा मारत होतं.

“अव्वा, अजून लई वेळ आहे,” माझा नवरा म्हणाला.

टेबलाखालून उत्तर आलं, “येळ तुमास्नी हाय. त्येला न्हाय.”

अव्वा आमच्या घरमालकीण. शाहूपुरीच्या मागच्या गल्लीत त्यांचं दुमजली घर. मालकांचा गुळाचा व्यापार होता. मालक गेले, मुलं आपापल्या गावी गेली, वरचा मजला भाड्याला आणि खालच्या दोन खोल्यांत अव्वा एकट्या. लिंगायत, माहेर निपाणीच्या पलीकडचं, त्यामुळे घरात कानडी आणि दारात मराठी. सगळी गल्ली त्यांना अव्वाच, कानडीतली आईच, म्हणायची. मला त्या ‘तंगी’ म्हणायच्या, म्हणजे धाकटी बहीण; वयानं मी त्यांच्या नातीसारखी होते तरी. आणि इकडच्या पुष्कळ बायकांसारखं स्वतःबद्दल बोलताना ‘मी आलो, मी गेलतो’ असंच बोलायच्या.

त्यांच्याआधी आम्ही कोल्हापुरात बरीच घरं बघितली होती. आम्ही बौद्ध. आडनाव सांगितलं की मालकांचा आवाज एकदम गोड व्हायचा आणि घर नेमकं कालच कुणालातरी दिलेलं असायचं. अव्वांनी आडनाव विचारलंच नाही. माझ्या पोटाकडे बोट दाखवून त्यांनी एवढंच विचारलं, “कितवा?”

म्हणून त्या पहिल्या दिवशी त्यांनी टीपॉयवरची आमची पितळी बुद्धमूर्ती दोन्ही हातांनी उचलली तेव्हा नवऱ्याचा चेहरा ताठ झाला. मूर्ती आम्हाला लग्नात मिळालेली, चांगली वजनदार.

“अव्वा, ती मूर्ती तिथंच राहणार,” तो म्हणाला.

“ऱ्हाऊ दे की. पर पोराच्या डोक्यात पडल्यावर द्येव म्हणून कमी लागतंय व्हय?” त्यांनी मूर्ती कपाळाला लावली, कपाटावर ठेवली आणि पार भिंतीपर्यंत मागं सरकवली. “हितनं समद्यांवर नजर बी ऱ्हाईल.”

टेबलाखालचा खिळा नवऱ्यानं त्याच संध्याकाळी ठोकला.

पोराच्या उंचीवरून बघितल्याशिवाय घर कळत नाही, असं त्यांचं म्हणणं. आपण उभ्यानं बघतो ते मोठ्या माणसांचं घर. रांगणाऱ्याला दिसतं ते वेगळंच असतं, आणि ते घर मारकं असतं. गॅलरीच्या कठड्याच्या गजांतून त्या नारळ घालून बघायच्या. नारळ गेला म्हणजे डोकं जाणार. आमच्या कठड्यातून गेला. दुसऱ्या दिवशी तिथं जाळी. पदराच्या टोकाला त्या तान्ह्या बाळाची एक बांगडी बांधून ठेवायच्या. जी वस्तू त्या बांगडीतून आरपार जाते ती गळ्यात अडकते, हा त्यांचा नियम. शेंगदाणे, नाणी, पेनाची टोपणं, फुलपुडीतली सुपारी, सगळं त्या बांगडीतून घालून बघायच्या आणि गेलं की उचलून वर ठेवायच्या. दुसऱ्याच्या घरात असल्या तरी.

यामुळे त्यांना गल्लीत कुणी फारसं बोलावत नसे. उन्हाळ्यात एक दिवसाआड पाणी यायचं तेव्हा तर भांडणंच. लहान मूल असलेल्या घरात अव्वा शिरल्या की थेट न्हाणीघरात, आणि भरलेली बादली दिसली की उपडी. “पोराला बुडायला हीर लागत न्हाय,” त्या म्हणायच्या, “नाक भिजंल एवढं पाणी बास हाय.” त्या घरची बाई ओरडायची, अव्वा त्याहून मोठ्यानं ओरडायच्या. रस्त्यानं कुणी मोटरसायकलच्या टाकीवर पोर बसवून चाललेला दिसला की आडव्या व्हायच्या. “पावणं, त्ये पोत्याचं वझं हाय का प्वार हाय?” अनोळखी माणूस गडबडून गाडी थांबवायचा. काही शिव्या देऊन निघून जायचे. अव्वा नाक्यापर्यंत त्या पोराकडे बघत उभ्या राहायच्या.

सईच्या बारशाला पाळणा टांगायचा होता. आदल्या दिवशी अव्वांनी छताच्या कडीला गुळाच्या ढेपांनी भरलेलं पोतं लटकवलं. दिवसभर खोलीच्या मधोमध पोतं झुलत होतं आणि अव्वा येता-जाता त्याला धक्का देत होत्या. गारगोटीहून आलेल्या सासूबाईंनी कपाळाला हात लावला. पाळण्यावरची रंगीत चिमणाळं, मणी, लोकरीचे गोंडे अव्वांनी एकेक करून तोडून घेतले. बारशाच्या फोटोत पाळणा नुसता लाकडी दिसतो, आणि मागं अव्वा, दोरीच्या गाठीकडे बघणाऱ्या.

तोपर्यंत आम्ही हसायचो. नवरा शिरोलीच्या फौंड्रीतून आला की विचारायचा, “आज रांगून गेल्या का?”

सई रांगायला लागली आणि माझं हसणं थांबलं.

ती सुटली की मला सगळीकडे अव्वांनी दाखवलेलं घर दिसायचं. दाराच्या बिजागरीतली फट दिसायची आणि तिच्यात बोटं दिसायची. मिक्सरची वायर लोंबत असली तर ती खाली येताना दिसायची, भांड्यासकट. गॅसवर दूध ठेवून मी दोन वेळा स्वयंपाकघरातून पळत बाहेर आले, कारण सईचा आवाज येत नव्हता. ती भिंतीवरच्या उन्हाकडे बघत शांत बसली होती. द्राक्ष मी चार तुकडे करून द्यायचे आणि प्रत्येक तुकडा गिळेपर्यंत तिच्या गळ्याकडे बघत राहायचे. दुपारी ती निजली की तिच्या नाकाशी बोट धरायचे. श्वास लागायचा. मग वाटायचं, हा माझ्याच बोटाचा भास असेल, आणि परत धरायचे.

“तू घरात राहतीस का पहाऱ्यावर?” नवरा एकदा चिडून म्हणाला. “त्या बाईचं वारं लागलंय तुला.”

मी काय सांगणार? मला सारखं वाटत होतं, काहीतरी राहिलंय. आम्ही सगळं बघितलं, सगळं वर ठेवलं, जाळी लावली, कोपऱ्यांना कापूस बांधला. आणि तरी एक काहीतरी राहिलंय, जे मला दिसत नाही आणि सईला दिसतंय.

अव्वांचं मूल गेलेलं असणार, असं गल्लीत सगळे धरून चालत. कुणी म्हणे विहिरीत, कुणी म्हणे उकळत्या पाण्यात. मलाही तसंच वाटायचं. एकदा त्या जिन्याच्या खालच्या पायरीवर लसूण सोलत बसल्या होत्या, सई माझ्या मांडीवर होती. मी भीत भीत विषय काढला.

“अव्वा, लोक म्हणतात, तुमचं एक मूल...”

त्या मोठ्यानं हसल्या. “मेलं म्हणत्यात व्हय? तिघंबी जिती हायती. थोरला कागलला, मधला बेळगावला, धाकटी हुबळीला. ठणठणीत.”

“मग?”

लसूण सोलणं थांबलं नाही. “धाकटी रांगत हुती तवाची गोष्ट. आमचं गुऱ्हाळ चालू. मी गाडीवाल्यासंगं बोलत उभा, ऊस कमी आणला म्हणून. पोरगी कवा सुटली कळलंच न्हाय. कायलीत रस उकळत हुता, आन ही त्या काठाला. चुलवाणात जाळ घालणारा एक माणूस हुता, त्यानं पायाला धरून मागं वडली. हात पुढं केलता तिनं. एवढंच ऱ्हायलं हुतं.” त्यांनी लसणाची पाकळी दाखवली. “मी काय केलं म्हाईत हाय? पोरीला दोन दणकं दिलं आन परत गाडीवाल्याशी भांडाय गेलो. भ्यालो न्हाय, रडलो न्हाय. रातीला गार झोपलो.”

“मग भीती कधी वाटली?”

“तीच धाकटी बाळंतपणाला हितं आली, तिला प्वार झालं. प्वार रांगाय लागलं. मी हितंच बसलोतो, ह्या पायरीवर. त्येनं असा हात पुढं केला, आन मला कायल दिसली. धूर दिसला, वास आला रसाचा.” त्यांनी सईकडे बघितलं. “तवापास्नं दिसतीया. कुठलंबी प्वार बघितलं की दिसतीया. माझी समदी जगली गं, तंगी. मी काय बी केलं न्हाय आन जगली. म्हणून तर भ्या वाटतंय.”

नवऱ्यालाही मी त्या दिवसापासून त्यांना हसू दिलं नाही.

मी एका सीएंच्या ऑफिसात कामाला होते. वाढवून घेतलेली सुट्टी संपत आली होती. सईला दिवसभर कुणाकडे ठेवायचं, यावर आमच्यात फार बोलणं झालंच नाही. अव्वांची खोली म्हणजे कोल्हापुरातली सगळ्यात रिकामी खोली. जमिनीवर एक गादी, बाकी सगळं छातीच्या वर फळ्यांवर. तिथं मूल ठेवायचं नाही तर कुठं? सवय व्हावी म्हणून मी दुपारची सईला तासभर खाली सोडू लागले. अव्वा तिला ‘कूसु’ म्हणायच्या, कानडीत बाळ. दाराबाहेर उभं राहिलं की आतून त्यांचं कानडी गाणं आणि सईचं हुंकार देणं ऐकू यायचं. कितीतरी महिन्यांनी त्या तासात मी घड्याळाकडे न बघता केस विंचरायचे.

कामावर जायला आठवडा राहिला होता. सई अकरा महिन्यांची. त्या दुपारी मी तिला आणायला गेले तेव्हा ती गादीवर पेंगत होती. “दमली आज,” अव्वा म्हणाल्या. मी तिला खांद्यावर टाकून वर आणलं, निजवलं. कपाळाला घाम आला होता. मार्च संपत आलेला, उकाडा होताच. मी पंखा वाढवला. तिच्या ओठांचा रंग जरा फिका वाटला, आणि लगेच मी स्वतःला दटावलं, की झालं तुझं सुरू. त्या दिवशी मी ठरवून नाकाशी बोट धरलं नाही. मी शहाण्यासारखं वागत होते.

तेवढ्यात जिन्यात आरोळी आली.

“तंगी! उठीव तिला! झोपू दिऊ नगंस!”

मी दार उघडलं तर अव्वा अर्ध्या जिन्यात. गुडघे साथ देईनात म्हणून वरच्या पायऱ्यांना हात घालून स्वतःला ओढत येत होत्या. पदर सुटलेला, मुठीत काहीतरी घट्ट धरलेलं.

“माझी साखरंची गोळी खाल्लीया तिनं.”

त्यांना मधुमेह होता. कमरेला खोचलेल्या कापडी चंचीत दोन-चार गोळ्या असायच्या, पाकिटातून एकेक कापून ठेवलेल्या, चहाच्या आधी घ्यायला सोप्या जाव्यात म्हणून. चंची त्यांच्या अंगाचाच भाग होती; मांडीवरच्या सईचा हात तिथं पोचतो हे कुणाच्या नजरेतच आलं नव्हतं. चहाला बसल्या, चंची उघडली, एक गोळी कमी. गादी उलटली तर कडेला चांदीच्या कागदाचा तुकडा. दातांनी चावलेला, ओला, रिकामा.

मी सईला उचललं. मान मागं पडली. “सई, सई,” मी तिच्या गालावर मारत होते. डोळे किलकिले व्हायचे आणि परत मिटायचे. अंग थंड आणि घामानं चिकट.

“साखर उतरलीया. मला व्हतंय असं,” अव्वा म्हणाल्या. स्वयंपाकघरातून गुळाचा खडा आणला, तळहातावर पाण्यात चोळून पातळ केला आणि ते बोट सईच्या हिरड्यांवर फिरवू लागल्या. “गिळ, कूसु. गिळ गं माझी आई.” अर्धा गूळ सईच्या गालावरच राहत होता.

रिक्षात त्या माझ्या शेजारी अनवाणी बसल्या होत्या. बोट सईच्या तोंडात, दुसऱ्या मुठीत गोळ्यांचं पाकीट. स्टेशन रोडला गाड्या अडकल्या होत्या. अव्वांनी रिक्षाबाहेर धड काढलं आणि असा आवाज लावला की मी दचकले, पण सई दचकली नाही. “पावणं, वाट सोडा! प्वार हाय! वाट सोडा!” माणसं वळून बघत होती, बाजूला होत होती. मला सगळं लांबून ऐकू येत होतं. मी फक्त सईच्या पापण्या बघत होते, आणि त्या मिटल्या की हाका मारत होते, आणि प्रत्येक वेळी त्या उघडायला आधीपेक्षा जास्त वेळ लागत होता.

मुलांच्या दवाखान्यात दारातच अव्वांनी मूठ उघडून डॉक्टरीणबाईंच्या पुढं धरली. “ही गोळी. एक. दुपारच्याला. माझी हाय.” बाईंनी पाकीट वाचलं आणि त्यांचा चेहरा बदलला. टाचेला सुई टोचली, रक्ताचा थेंब घेतला, आकडा बघून नर्सला हाक मारली. सईच्या हाताची शीर सापडेना. तीनदा टोचलं. ती रडली नाही. माझं मूल सुई टोचल्यावर रडत नाही, याचा अर्थ मला तेव्हा कळला. अव्वांनी मला मागून धरलं.

सलाइनमधून साखर गेल्यावर सई रडली. एवढा सुंदर आवाज मी परत कधी ऐकलेला नाही.

“गोळीचा परिणाम बराच वेळ राहतो,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “साखर परत परत उतरेल. उद्यापर्यंत इथंच ठेवू, सारखी तपासत राहू. कोणती गोळी ते लगेच कळलं हे फार बरं झालं. नाहीतर आम्ही झटके, मेंदूचा ताप असलं काहीतरी शोधत बसलो असतो.”

नवरा शिरोलीहून तसाच आला. हातांना, कपड्यांना फौंड्रीची काळी वाळू. काचेतून सईला बघितलं, मग आमच्याकडे वळला.

“कुणाची गोळी?”

मी तोंड उघडायच्या आत अव्वा बाकावरून उठल्या. “माझी.”

तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. दातांवर दात दाबून हळू आवाजात म्हणाला, “तुम्ही घरला जावा, अव्वा. माझ्या पोरीला परत हात लावायचा न्हाय.”

“न्हाय लावत,” अव्वा म्हणाल्या, आणि अनवाणीच चालत गेल्या.

ती रात्र मी सांगत नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी सईनं नर्सच्या खिशातलं पेन ओढून काढलं आणि तोंडात घातलं, तेव्हा मी, नवरा आणि नर्स एकाच वेळी ओरडलो.

घरी आलो तर खाली सुतार काम करत होता. अव्वा जिन्याला फाटक बसवून घेत असतील असं मला वाटलं. पण फाटक त्यांच्या खोलीच्या दाराला बसत होतं. कमरेएवढं उंच, लाकडी, कडी बाहेरच्या बाजूला.

“हे कशाला, अव्वा?”

“मला.”

मला कळेना.

“घरातली वस्तू वर ठेवता येती,” त्या म्हणाल्या. “कुलपात ठेवता येती, फेकून देता येती. मी मला कुठं ठिऊ? सांग की.”

नंतरचे दिवस वाईट होते. सई चालायला लागली होती. जिन्यावरून मी तिला कडेवर घेऊन उतरले की ती हात सोडवून फाटकाशी जायची, गज धरून हलवायची आणि ‘अव्वाऽ’ म्हणायची. तो तिचा तिसरा की चौथा शब्द. आत अव्वा भिंतीकडे तोंड करून बसलेल्या असायच्या. वळायच्या नाहीत. सई फाटक वाजवत राहायची आणि त्या रुंद पाठीला कळत असायचं, हे मला दिसायचं.

गल्लीत त्या कुणाला अडवेनाशा झाल्या. कुणाच्या बादल्या उपड्या करेनात. बायका आपापसांत हसून म्हणायच्या, बरी खोड मोडली. मला त्यांचं हसणं ऐकवत नसे.

मी कामावर जाणं पुढं ढकललं. नवरा कागल रस्त्याला खोल्या बघत होता. एक बाई मिळाली होती मूल सांभाळणारी, चांगली, शांत. मी तिच्याशी बोलत होते आणि मनात एकच चाललं होतं, की हिच्या हातून काही झालं तर ही वर येईल का? हातात चावलेला कागद घेऊन? की गादीखाली सरकवेल आणि म्हणेल, झोपलंय बाळ?

संध्याकाळी मी नवऱ्याला तेच विचारलं. “अव्वा वर आल्या नसत्या तर?”

“त्या नसत्या तर गोळीच नसती.”

“ते खरं आहे,” मी म्हणाले. “पण गोळी कुठंही असते. वर येणारं माणूस कुठं असतं?”

तो म्हणाला, “मला त्यांचं भ्या वाटतंय.”

“मलाही वाटते. त्यांना स्वतःलाही वाटते.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सईला घेऊन खाली गेले आणि फाटकाची कडी काढली. अव्वा दचकून उठल्या, भिंतीला टेकल्या. “आत आणू नगंस तिला.”

“आणते.”

“मग आदी माझी झडती घे.”

मला वाटलं त्या रागानं बोलतायत. पण त्यांनी दोन्ही हात वर केले होते. मोठ्या, जाड हातांवरची कातडी लोंबत होती, आणि त्या तशाच उभ्या होत्या, माझ्याकडे बघत. मी सईला दारात उभं केलं. पुढं झाले. त्यांचा पदर झटकला. निऱ्या चाचपल्या, कमरेभोवती बोटं फिरवली. चंची नव्हती. चोळीच्या आतही हात घालून बघ, म्हणाल्या, मी बघितलं. गळ्यातल्या लिंगाची चांदीची डबी त्यांनी स्वतः उघडून दाखवली. नंतर मी गादी उलटली, उशीचा अभ्रा काढला, कोपरे बघितले. मग मी सईला म्हणाले, “जा.”

त्या दिवसापासून गोळ्या वर आमच्या कपाटात आल्या. सकाळ-संध्याकाळ मी जाऊन अव्वांना द्यायची, त्यांनी माझ्यासमोर गिळायची. आणि सईला सोडताना रोज झडती. मी कामावर जायला लागले, घाई असायची, कधी उशीर झालेला असायचा; पण हात वर करून उभ्या राहिलेल्या अव्वा मला तसं जाऊ द्यायच्या नाहीत. “नीट बघ,” म्हणायच्या. सुरुवातीला नवरा हे बघायचं नको म्हणून जिन्यातच थांबायचा. मग मला ताप आला त्या दिवशी त्यालाच सईला घेऊन जावं लागलं. अव्वांनी त्याच्यापुढंही हात वर केले. तो लाजला, मान खाली घातली. शेवटी शेजारच्या काकूंना हाक मारून त्यानं त्यांच्याकडून झडती घेतली, स्वतः पाठमोरा उभा राहून. वर आल्यावर मला म्हणाला, “घर बघायचं राहू दे आता.”

आम्ही तिथं आणखी चार वर्षं राहिलो.

अव्वा आता कागलला थोरल्याकडे असतात. त्या विसरायला लागल्या म्हणून मुलानं येऊन नेलं. सई दुसरीत आहे. मागच्या महिन्यात एका रविवारी आम्ही तिघं त्यांना भेटायला गेलो. सूनबाईंनी आधीच सांगून ठेवलं होतं, की ओळखतील असं नाही. खिडकीपाशी खुर्चीत बसल्या होत्या. खूप वाळल्या होत्या. मी समोर जाऊन बसले, नाव सांगितलं, शाहूपुरी म्हणाले. त्या परक्या माणसाकडे बघावं तशा हसल्या. नवऱ्याला त्यांनी कानडीतून कुणी दुसरंच समजून ऊस कधी येणार ते विचारलं.

सई दारात चपला काढत मागं राहिली होती. ती आत आली.

अव्वा खुर्चीचे हात धरून उठायला लागल्या. सूनबाई धरायला धावल्या तर त्यांना बाजूला सारलं. उभ्या राहिल्या, तोल सावरला, आणि सईवरची नजर न काढता दोन्ही हात वर केले.

“हे असं करतात मधूनच,” सूनबाई म्हणाल्या. “माझ्या जावेची नात आली तवाबी केलं. काय पाहिजे असतंय कळत न्हाय. बसवलं तरी परत उभ्या राहत्यात.”

अव्वांचे हात दुखत असणार, पण त्या ते खाली घेत नव्हत्या. सईही दारातच थांबली होती.

मी उठले. पदर झटकला, निऱ्या चाचपल्या, कमरेभोवती बोटं फिरवली. हाडं लागत होती. कुठंही घाई केली नाही. गळ्यातली डबी उघडायला त्यांना जमेना, ती मी उघडली, बघितली, बंद केली.

“काही नाही, अव्वा,” मी म्हणाले. “नीट बघितलं.”

त्यांनी हात खाली घेतले आणि सईपुढं पसरले.